पाहुण्यांचं मराठी

टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात पाहुणा बोलवायची पद्धत आता इतकी रुळली आहे, की पाहुण्याशिवायचा भाग लागला तर चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. सिनेमा लागायचा असला की त्यातले नट-नट्या येतात, सोफ्यावर बसतात, त्यांच्यासमोर त्यांच्याच सिनेमाची टर उडवली जाते, ते पोट धरून हसतात, शेवटी सिनेमाची तारीख सांगतात आणि निघून जातात. आपल्यापैकी बहुतेकींनी हे शेकडो वेळा पाहिलं असेल. उद्याची भाजी निवडता निवडता, कपड्यांच्या घड्या घालता घालता पाहिलं असेल. मीही तशीच पाहते. पण गेली काही वर्षं माझं लक्ष नकलेपेक्षा सोफ्याकडे जास्त असतं. पाहुणा कोणत्या भाषेत बोलतो आणि तो बोलला की समोरची माणसं काय करतात, ते मी बघत असते. त्याला कारण आहे. ते पुढे सांगते.

आधी कार्यक्रमाविषयी. झी मराठीवर ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झाला तो 2014 च्या ऑगस्टमध्ये. डॉ. निलेश साबळे सूत्रधार, आणि भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, भारत गणेशपुरे, श्रेया बुगडे ही मंडळी. थुकरटवाडी नावाचं एक खोटं गाव त्यांनी वसवलं आणि त्या गावात खरे पाहुणे यायला लागले. आधी मराठी सिनेमा-नाटकातले आले. मग कार्यक्रमाचं नाव झालं तसे मुंबईचे हिंदी तारेही यायला लागले. शाहरुख खान येऊन गेला, सलमान खान येऊन गेला. 2024 च्या मार्चमध्ये कार्यक्रम थांबला, तोवर जवळजवळ दहा वर्षं झाली होती. 2025 मध्ये अभिजित खांडकेकरांना सूत्रधार करून तो पुन्हा आला. पण माझ्यासारखीच्या डोक्यात थुकरटवाडी म्हटलं की ती पहिलीच माणसं येतात.

सोमवार-मंगळवार, रात्री साडेनऊची वेळ. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. त्यामुळे साडेनऊपर्यंत ओटा कोरडा, दूध विरजलेलं, दाराला कडी. सासूबाई त्यांच्या लाकडी खुर्चीत, मी खाली सतरंजीवर. नकला संपत आल्या की सागर कारंडे पोस्टमन होऊन यायचा आणि अरविंद जगतापांनी लिहिलेलं पत्र वाचायचा. तेवढ्या वेळात सासूबाईंचा पदर डोळ्याला लागायचाच. हसून हसून दमलेल्या माणसाला शेवटी रडवून झोपायला पाठवायचं, ही त्या कार्यक्रमाची खुबी होती.

माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा अमेरिकेत असतो. तो एकदा सुट्टीवर आला असताना आमच्याबरोबर बघायला बसला आणि म्हणाला, “काकू, आमच्याकडे पण असा एक कार्यक्रम आहे, पन्नास वर्षं झाली चाललाय.” त्याने मग मोबाइलवर ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ दाखवला. 1975 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला सुरू झालेला. मला त्यातलं इंग्रजी निम्मंही कळलं नाही, पण एक गोष्ट फार आवडली. तिथे दर आठवड्याला बाहेरचा कोणी नामवंत येतो आणि त्या रात्रीपुरता तोच यजमान होतो. पहिल्यांदा एकट्याने प्रेक्षकांसमोर उभं राहून बोलायचं आणि मग नकलाकारांच्या बरोबरीने सोंगं काढायची. पगडी घाला म्हटलं तर पगडी, मिशा लावा म्हटलं तर मिशा. पाहुणा आला म्हणून त्याला पाटावर बसवत नाहीत, कामाला लावतात.

आपल्याकडे पाहुण्याला बसवून ठेवायची रीत. अधूनमधून त्याला नाचायला उठवतात, पण मुख्यतः तो प्रेक्षक. त्याने हसायचं, टाळ्या वाजवायच्या, डोळे पुसायचे, आणि कॅमेरा दर मिनिटाला त्याच्या तोंडावर यायचा. घरी बसलेल्या आपण नकलेला हसतो की पाहुण्याच्या हसण्याला हसतो, हे कधीकधी सांगता येत नाही. बारशाला आलेल्या मोठ्या घरच्या बाईने ‘वा, काय छान शिरा झालाय’ म्हटलं की बाकीच्यांनाही तो शिरा गोड लागतो, तसंच काहीसं.

आता मी कुठून बघते, ते सांगायला हवं. मी आदिलाबादची. माहेर पुसद, सासर आदिलाबाद. पुण्यामुंबईकडच्या लोकांना आदिलाबाद म्हटलं की पटकन कळत नाही. “म्हणजे हैदराबाद का?” असं विचारतात. हैदराबाद आमच्यापासून तीनशे किलोमीटर. नागपूर त्याहून जवळ. पैनगंगेवरचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा. इथलं राज्य बदलत गेलं. आधी निजाम, मग 1956 पासून आंध्र प्रदेश, 2014 पासून तेलंगणा. माझे सासरे उर्दूतून शिकले, यजमान तेलुगूतून, मुलं इंग्रजीतून. मराठी कुणी कुणाला शिकवली नाही. ती घरात होतीच, जात्यासारखी, चुलीसारखी. बाजारात मी गोंगूरा मागते आणि घरी येऊन अंबाडीची भाजी करते. शेजारणीला वदिना म्हणते, नणंदेला वन्सं. कापसाच्या हंगामात घरी येणाऱ्या हमालांशी हिंदी. ती हिंदी पण आमचीच, हैदराबादी वळणाची.

अशा घरात टीव्ही म्हणजे नुसती करमणूक नसते. आमच्याकडे रस्त्यावरच्या पाट्या तेलुगूत, सरकारी कागद तेलुगूत, मुलांची पुस्तकं इंग्रजीत. प्रमाण मराठी कानावर पडायची ती टीव्हीतूनच. 2000 साली ईटीव्ही मराठी सुरू झालं ते तर हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीतून. मराठी वाहिनी आपल्या राजधानीत तयार होते याचा आम्हाला केवढा अभिमान! तेलुगूतही विनोदाला तोटा नाही. ईटीव्हीवर 2013 पासून ‘जबर्दस्त’ चालतो. त्यात नागबाबू आणि रोजा परीक्षकाच्या खुर्चीत बसून हसायचे. गुरुवार-शुक्रवार मुलं ते बघायची, सोमवार-मंगळवार आम्ही थुकरटवाडीला. रिमोटची भांडणं नकोत म्हणून वारच वाटून घेतले होते. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच. हशा पिकवायचा तर पुरुषाने बाई व्हायचं आणि बाई झाला की त्याने गावंढळ बोलायचं.

थुकरटवाडीत हिंदी तारा आला की एक प्रसंग ठरलेला. तो दोन वाक्यं मराठीत बोलतो. “कसे आहात?” किंवा “मला मराठी आवडते.” ‘च’ चुकतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो, पुल्लिंगाचं स्त्रीलिंग होतं. आणि टाळ्यांचा कडकडाट. शिट्ट्या. आपल्याही चेहऱ्यावर नकळत हसू येतं. एवढा मोठा माणूस आपल्या भाषेत बोलला, चुकला तरी बोलला, याचं कौतुक वाटतं. त्यात वावगं काहीच नाही. परक्याने आपली भाषा दोन पावलं चालून दाखवली तर त्याला हात द्यावाच.

मला बोचतं ते दुसरं. मी मराठीतच जन्मले. मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झाले. पण मी पुण्याला गेले आणि “मले जरा पाणी द्या” म्हटलं की समोरची बाई हसते. तिचं हसू वाईट नसतं, पण हसते. पाहुण्याच्या चुकीला टाळी, आणि आमच्या बरोबर बोलण्याला हसू. कारण ‘मले’ ही चूक नाही. ती आमच्याकडची बोली आहे. मले, तुले, काहून, येऊन रायली, जाऊन रायला. आमच्याकडच्या कितीतरी बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. हे सगळं वऱ्हाडातून नदी ओलांडून आमच्याकडे आलं आणि त्यात तेलुगूचा थोडा मसाला पडला. बी.ए.ला आम्हाला शिकवलं होतं, की मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ म्हणजे ‘लीळाचरित्र’. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तो लिहिला तो रिद्धपूरला, अमरावती जिल्ह्यात. म्हणजे मराठी गद्याची पहिली ओसरी आमच्या बाजूला. आता त्याच रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठ झालं आहे. 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा सगळीकडे पेढे वाटले गेले. त्या अभिजाततेत रिद्धपूरचा वाटा मोठा. आणि टीव्हीवर त्या बाजूचा माणूस बोलला की लोक आधी हसतात, मग काय बोलला ते ऐकतात.

म्हणूनच भारत गणेशपुरे पडद्यावर आले की आमच्या घरात सगळे सावध व्हायचे. ते अमरावतीकडचे. पहिल्यांदा त्यांच्या तोंडून वऱ्हाडी ऐकली तेव्हा सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. “हा तं आपल्यातला हाय वं!” एवढंच म्हणाल्या. त्या वेळी त्या पंचाहत्तरीच्या होत्या. आपण घरात बोलतो तशी मराठी टीव्हीवर येऊ शकते, हेच त्यांना नवं होतं. मी मात्र श्वास रोखून बसायची. आता याला बावळट करतील, असं वाटायचं. पण त्यांचं तसं होत नसे. त्यांचा माणूस कमी बोलायचा, तोंडावरची सुरकुतीही न हलवता बोलायचा, आणि समोरच्याला त्याच्याच शब्दात गुंडाळून ठेवायचा. हसू यायचं ते त्याच्या बेरकीपणाला. बोली त्याच्या तोंडी होती, पण विनोद बोलीवर नव्हता. हा फरक केसाएवढा वाटतो, पण ज्याची बोली असते त्याला तो लगेच कळतो.

दुसरी आठवण 2016 ची. 29 एप्रिलला ‘सैराट’ लागला आणि महाराष्ट्र वेडा झाला. शंभर कोटींचा गल्ला पार करणारा तो पहिला मराठी सिनेमा. नागराज मंजुळे, रिंकू राजगुरू, आकाश ठोसर ही मंडळी थुकरटवाडीत पाहुणे म्हणून आली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या मराठी घरांतून एकच आवाज येत होता. मला तो भाग लक्षात राहिला तो त्या पोरीमुळे. अकलूजची शाळकरी मुलगी, राष्ट्रीय पुरस्कारांत जिचा खास उल्लेख झाला ती. सिनेमात ती जशी ठसक्यात बोलते, तसंच बोलणं घेऊन ती घराघरात पोचली होती. तिच्या बोलीला लोक हसले नाहीत, उलट तिच्यासारखं बोलायला लागले. पुण्यामुंबईच्या पोरी तिच्या तालात बोलून बघत होत्या. बोली तीच, पण बोलणारी नायिका असली की ती ऐट होते आणि नोकराणी असली की थट्टा होते.

आणि ‘सैराट’चा उत्तरार्ध आमच्या राज्यातला, हैदराबादचा. आर्ची पळून तिथे जाते, तेव्हा आधी तिला कुणाचं काही कळत नाही. मग हळूहळू ती तेलुगू शिकते, नोकरी करते, संसार मांडते. लोक त्या सिनेमाच्या शेवटाबद्दल बोलतात. आमच्याकडच्या बायका तिच्या तेलुगूबद्दल बोलल्या. कारण आमच्यापैकी प्रत्येकजण लग्न होऊन नदी ओलांडून आली तेव्हा पहिली दोन वर्षं तशीच मुकी होती.

आता ते कारण सांगते. माझ्या लेकीचं लग्न पुण्यात झालं. मुलाकडची माणसं चांगली, हौशी. आदल्या रात्री संगीत ठेवलं होतं. दुपारी लेक माझ्या खोलीत आली, माझ्या पदराची पिन नीट केली, आणि हळूच म्हणाली, “आई, रात्री माइक दिला तर जरा नीट बोलशील ना?” नीट म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं. ती आठ वर्षं पुण्यात नोकरी करत होती. तिथे तिने आपलं बोलणं केव्हाच बदलून घेतलं होतं. ऑफिसचा फोन असला की वेगळी, आमच्याशी बोलताना वेगळी. त्यात तिचा दोष नाही. पोट भरायच्या गावी पोटाची भाषा बोलावी लागते.

रात्री स्टेजवर सोफा मांडलेला. मुलाकडच्या पोरांनी थुकरटवाडीच्या धर्तीवर प्रहसन बसवलं होतं, ‘चला, आदिलाबाद येऊ द्या’. एक मुलगा सूत्रधार. आणि सेलिब्रिटी पाहुणे म्हणून आम्हा दोघा नवराबायकोला सन्मानाने सोफ्यावर बसवलं. व्हिडिओवाला आमच्या तोंडासमोर. मग नवरदेवाचा एक चुलतभाऊ साडी नेसून, आंबाडा बांधून, कमरेवर हात ठेवून आला. तो मी होतो, म्हणजे मी होते.

खरं सांगायचं तर त्याने निरीक्षण चांगलं केलं होतं. मी बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळते, ते त्याने बरोबर टिपलं होतं. ‘मले’, ‘काहून’, ‘अवं बाप्पा’ हे सगळं ठिकठिकाणी पेरलेलं. लोक खदाखदा हसत होते, मीही हसत होते. पण ती प्रहसनातली बाई लिफ्टला देवघर समजून नमस्कार करत होती. हॉटेलात चमच्याने काय करायचं ते तिला कळत नव्हतं. बँकेचं कार्ड तिने पोथीत ठेवलं होतं. जरा वेळाने माझ्या ध्यानात आलं, की ‘मले’ म्हटल्याशिवाय त्या बाईला मूर्ख ठरवताच आलं नसतं. तेच प्रसंग पुणेरी मराठीत केले असते तर कुणी हसलं नसतं, उलट बाई आजारी आहे का म्हणून विचारलं असतं.

सोफ्यावर बसल्यावर आणखी एक गोष्ट कळली. पाहुण्याला हसावंच लागतं. कॅमेरा तोंडावर असतो. सिनेमावाल्यांना त्या हसण्याच्या बदल्यात सिनेमाची जाहिरात मिळते. मुलीच्या आईने नाही हसावं तर ‘विहीणबाई रागीट दिसतात’ एवढंच मिळणार. मी लेकीकडे बघितलं. ती मेंदीच्या हातांकडे बघत होती.

शेवटी सूत्रधाराने माझ्यासमोर माइक धरला. “काकू, दोन शब्द.” मला दोन्ही मराठी येतात. त्या क्षणी मी माझीच घेतली. म्हटलं, “भाऊ, मही बोली तं तू झ्याक उचलली. आमच्या आदिलाबादले आला तं तुले कोनी परका म्हनाचं नाई. पन लिफ्टचं म्हनशील तं मी रोज मराठीत सयपाक करतो, तेलुगूत बाजार करतो, हिंदीत हिशोब करतो. मले तुह्या लिफ्टचं एक बटन नाई दाबता येनार काय रे बापा?” लोक हसले. या वेळी जरा वेगळं हसले. तो मुलगा साडी सावरत खाली आला आणि पाया पडला. मनाने निर्मळ पोरगा. दुसऱ्या दिवशी मांडवात मला येऊन विचारतो, “काकू, ‘का’ आणि ‘काहून’ यात फरक काय?” मी म्हटलं, “का म्हटलं की नुसतं कारण विचारलं. काहून म्हटलं की तुझी काळजीपण विचारली.” हे व्याकरणात बसतं की नाही मला माहीत नाही. माझ्या कानाला ते तसं ऐकू येतं.

लेकीने त्या रात्रीबद्दल काही म्हटलं नाही. पुण्यात ती अजूनही ‘मला’च म्हणते. पण आमचा फोन स्पीकरवर असताना आता ती आवाज बारीक करत नाही.

घरी आल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण पाठशाळेत आणि प्रवचनात बसून बसून त्यांचा पाया पक्का. त्या म्हणाल्या, आपल्याकडे हास्य हे नोकषायात धरलंय, रती-अरती, शोक, भय यांच्या रांगेत. मी म्हटलं, म्हणजे हसायचं नाही का? तर म्हणाल्या, “हसाचं नाई असं कोन म्हनते? मी रोज हसतो.” मग त्यांनी सत्यव्रताचं सांगितलं. खरं बोलण्याचं व्रत सांभाळायचं तर क्रोध, लोभ आणि भय यांच्याबरोबर थट्टेलाही आवर घालायला सांगितलंय. रागात माणूस खोटं बोलतो, लोभाने बोलतो, भीतीने बोलतो, हे कुणालाही पटेल. पण थट्टेत माणूस खोटं बोलतो आणि आपण खोटं बोललो हे त्याच्या ध्यानातही येत नाही. मी हे लहानपणापासून ऐकत आले होते. त्याचा अर्थ मला त्या सोफ्यावर लागला. त्या पोराने माझी नक्कल केली ती खरी होती. त्या नकलेला त्याने जो मूर्खपणा चिकटवला तो खोटा होता. नक्कल आणि खोटं यांच्यामधली ही शिवण जो नकलाकार ओळखतो, त्याच्या विनोदाला मी रात्री दोनपर्यंत हसायला तयार आहे.

पाहुण्याने यायचं, सोंग काढायचं, हसवायचं, ही काही टीव्हीने शोधलेली गोष्ट नाही. आमच्या जिल्ह्यातले राजगोंड दिवाळीच्या आधी दंडारी काढतात. गुसाडी डोक्यावर मोरपिसांचा मोठा टोप घालतात, अंग रंगवतात, हातात काठी. बरोबर बाईचा वेष घेतलेले पुरुष असतात, ढोल असतात. 2021 साली मार्लवाईच्या कनका राजूंना या गुसाडी नाचासाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हा सगळ्यांची मान उंच झाली. या दंडारीची गंमत अशी, की एका गावची मंडळी दुसऱ्या गावाला पाहुणी जातात. ते गाव त्यांचं स्वागत करतं, त्यांना जेवू घालतं, आणि पाहुणे नाचतात, थट्टा करतात, सगळ्यांना हसवतात. यजमानांचीही फेरी पुढे कधीतरी पाहुण्यांच्या गावाला जाते. आज जो बघतो तो उद्या नाचतो. सोफा कायम कुणाचाच नसतो. म्हणून मला वाटतं, की तिथली थट्टा बोचत नसावी. ज्याची फिरकी घेतो त्याच्या दारात आपल्याला उद्या नाचायचं आहे, हे ठाऊक असलं की जीभ आपोआप मापात राहते.

टीव्हीवरचा कार्यक्रम म्हणजे गावची दंडारी नव्हे, हे मला कळतं. तिथे जाहिराती आहेत, सिनेमाच्या तारखा आहेत, दर आठवड्याला नवं काही लिहायचा ताण आहे. दहा वर्षं महाराष्ट्राला हसवणं सोपं काम नाही. थुकरटवाडीच्या मंडळींनी आमच्या घरातल्या कितीतरी जड रात्री हलक्या केल्या. सासरे गेले त्या वर्षी आम्ही पहिल्यांदा हसलो ते त्यांच्यामुळेच. तेव्हा हे उणंदुणं काढणं नाही. जे आपलं वाटतं त्याच्याकडेच माणूस काही मागतो.

माझं मागणं असं. एखाद्या भागात सोफ्यावर सिनेमावाले नकोत. बेल्याची, जैनथची, नाहीतर पलीकडच्या पांढरकवड्याची एखादी बाई बसवा. कापूस वेचून आलेली, तीन भाषा बोलणारी, बचत गटाचं खातं सांभाळणारी. तिला नुसतं बसवू नका. त्या अमेरिकन कार्यक्रमासारखं त्या रात्रीपुरतं तिलाच यजमान करा. माइक तिच्या हातात. मोठमोठ्या नटांना तिच्यासमोर उभं करा आणि तिला म्हणा, बाई, यांची नक्कल तुम्ही करा. सिनेमातली शेतकरीण बांधावर कशी चालते, इस्त्रीची साडी नेसून भाकरी कशी थापते, ते ती करून दाखवेल. ती ‘मले’ म्हणेल, ‘काहून’ म्हणेल, मध्येच एखादा तेलुगू शब्द टाकेल. लोक हसतील. माझी खात्री आहे, पोट दुखेपर्यंत हसतील. फक्त तिच्या बोलीला हसणार नाहीत. ती काय बोलून गेली, त्याला हसतील.